पंधरा लिटरच्या पंपाला

अर्जात विचारलंय: कीटकांकडे तुम्ही कशा वळलात?
पाचशे शब्द. एक जरी जास्त झाला
तर चौकट लाल होते.

लिहिलं: लहानपणापासून निसर्गाची ओढ.
खोडलं.
चोपड्यात आमच्या गल्लीत निसर्ग म्हणजे
गटारीकडेची एरंडी आणि भावसारांची शेळी.

खरं असं, की आमचं औषधांचं दुकान.
माणसांच्या नव्हे.
मनुदेवी कृषी सेवा केंद्र, बसस्टँडच्या मागे.
संध्याकाळी घरात आधी तो वास येतो,
मग अण्णा.

कंपनीचं कॅलेंडर देव्हाऱ्याशेजारी लागायचं,
त्या भिंतीला खिळा तेवढा एकच होता म्हणून.
ऑगस्टच्या पानावर गुलाबी बोंडअळी,
हाताएवढी, ओलसर, अंगावर उजेड घेऊन.
आईच्या उदबत्तीचा धूर तिच्यावरूनही जायचा.
मी सहा वर्षांची, दोघांनाही नमस्कार करायचे.
हे पाचशे शब्दांत बसतं,
पण तिकडच्या समितीला सांगू कसं?

पुढचा रकाना: पूर्वानुभव.
मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी,
बाटल्यांवरची चित्रं बघून पाठ,
बे एके बे च्या चालीत.
गिऱ्हाईक रुमालात पान बांधून आणायचं.
अण्णा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे,
पाह्य वं, कोन शे हाई?
मी नाव सांगायचे.
नाव कळलं की बाटली ठरायची.
किती जणांची नावं सांगितली मी.

शिफारसपत्र झांबरे सरांचं.
सर निवृत्त, अडावदला केळीच्या बागेत असतात.
पोर्टल-बिर्टल मला कळत नाही, म्हणाले,
आणि शाईपेनानं चार पानं लिहून दिली.
ती मी सायबर कॅफेत स्कॅन केली,
न वाचता. जवळजवळ न वाचता.
दुसऱ्या पानावर एक ओळ दिसलीच:
'ही मुलगी थांबून बघते.'

कशावरून, ते मला माहीत आहे.
त्यांच्याच बागेत खोड चिरताना सापडला होता
सोंडकिडा, काळा, गव्हाच्या दोन दाण्यांएवढा.
काड्यापेटीत घालून दुकानात आणला,
काउंटरच्या काचेवर ठेवला.
अण्णा म्हणाले, मेलाय.
म्हटलं, थांबा.
एक जण युरियाचं विचारून गेला.
चहावाला पोरगा ग्लास घेऊन गेला.
मग एक पाय हलला. मग दुसरा.
मग पावतीबुकाच्या कडेकडेनं
तो निघाला, काही झालंच नाही असा.
एकतीस वर्षं मरणाची गॅरंटी देणारा माझा बाप
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, सोंग करी राहिना भो हाऊ!
आणि पावतीबुक हळूच बाजूला घेतलं,
त्याला वाट करून दिली.

हेही मी लिहिलं नाही.
लिहिलं: एकात्मिक कीड व्यवस्थापन, वर्तन, प्रतिकारशक्ती.
चारशे अठ्ठ्याण्णव शब्द. चौकट हिरवी.

तिकडची मध्यरात्र म्हणजे आपली सकाळ, साडेदहा.
तिकडे म्हणे गुडघाभर बर्फ आहे.
म्हणजे डिसेंबरात तिथे किडे कुठे असतात,
हा माझा पहिला प्रश्न, आणि तो विचारायला
अर्जात जागाच नाही.

सव्वादहा. दुकानाच्या काउंटरवर लॅपटॉप.
फी डॉलरमध्ये, कार्ड अण्णांचं,
आकडे त्यांच्या मोबाइलवर येणार.
आले. मोबाइल हातभर लांब धरून
ते वाचू लागले, मात्रा सांगतात तसे,
प्रत्येक आकड्यानंतर थांबत:
चाळीस... बत्तीस... सात. नाही, सत्तर.
आणि सवयीनं पुढचंही बोलून गेले,
पंधरा लिटरच्या पंपाला.

मी हसले. ते हसले नाहीत.
पडद्यावर गोल फिरत होतं काहीतरी.

दारात एक गिऱ्हाईक
रुमालाची गाठ सोडत उभं.
अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पान स्वतःच
उजेडात धरलं.